गोळीचा नंबर

आजी गेल्यापासून या घरात कुठलाही मोठा निर्णय जेवणाच्या टेबलावर होत नसे. तिथे अजून तिची खुर्ची होती आणि त्या खुर्चीसमोर कुणालाही मनासारखं भांडता येत नव्हतं. त्यामुळे काही ठरवायचं असलं की सगळं घर जिना उतरून खाली चष्म्याच्या दुकानात यायचं. दुकानाच्या चारही भिंतींना आरसे होते. भांडताना माणसाला स्वतःचा चेहरा दिसला की तो आवरतं घेतो, असा आजोबांचा सिद्धांत होता. त्याला पुरावा मात्र अजून मिळायचा होता. वाटण्यांच्या वेळचं भांडण याच आरशांसमोर झालं होतं आणि त्यातला एक आरसा तेव्हापासून तडकलेला होता.

आज रविवार. शटर अर्ध्यावर ओढलेलं. आजोबा गल्ल्यामागच्या उंच स्टुलावर, म्हणजे अध्यक्षस्थानी. त्यांची थोरली लेक, भिंगरीची आत्या, फ्रेमच्या काउंटरमागे. गिऱ्हाईकाला नको असलेली फ्रेम गळ्यात मारण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि मत गळ्यात मारण्यातही नव्हतं. भिंगरीचे आईबाबा गिऱ्हाइकांच्या बाकावर, मध्ये एक माणूस बसेल इतकं अंतर ठेवून. आणि काका उभा. काका कधी बसायचाच नाही. मागच्या खोलीत यंत्रावर काचा घासताना तेवढा तो एका जागी असायचा.

आजोबांची नात भिंगरी वर घरात होती. निदान तसं सगळ्यांना वाटत होतं.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे जायचंय," आई म्हणाली. "ही दुसरी गोळी चालू ठेवायची की नाही, ते उद्या ठरणार. त्यांनी सांगितलंय, घरातल्या प्रत्येकाने काय पाहिलं ते विचारून या. म्हणून विचारतेय. आणि आधीच सांगते, हीसुद्धा पहिलीसारखी निघाली तर तिसरी मी देणार नाही. माझ्यात आता ताकद नाही."

आई टेलिफोन कंपनीच्या तक्रार विभागात होती. दिवसभर लोकांचा संताप कानात घेऊन "आपली गैरसोय झाली, क्षमस्व" म्हणण्याची तिला सवय होती. ती ताकद नाही म्हणाली, म्हणजे खरंच नव्हती.

पहिल्या गोळीची आठवण कुणालाच नको होती. नऊ वर्षांची पोर वर्गात बाकावरून उठते, खिडकीशी जाते, दुसऱ्याचं उत्तर आपणच देऊन टाकते, म्हणून वर्गशिक्षिकेने आधी चिठ्ठ्या पाठवल्या, मग बोलावून घेतलं. तपासण्या झाल्या. एडीएचडी असं नाव निघालं. आजोबा त्याला नुसतं "ती चार अक्षरं" म्हणत, जणू नजर तपासायच्या तक्त्यावरची एखादी ओळच. मग पहिली गोळी आली आणि भिंगरी थांबली. नुसती थांबली नाही, ठेवल्यासारखी झाली. सोफ्यावर बसवली की सोफ्यावर, खिडकीत बसवली की खिडकीत. आत्याला वाटलं, पोरगी सुधारली. आईला वाटलं, पोरगी गेली. डॉक्टरीणबाईंनीच ती गोळी बंद केली. "ही तिची नाही, दुसरी बघू. पहिल्याच फटक्यात जमतं असं नसतं," त्या म्हणाल्या. तिकडे शाळेनेही कळवून टाकलं होतं, की सत्र संपेपर्यंत फरक पडला नाही तर पुढच्या वर्गात तिला मैत्रिणींबरोबर न ठेवता वेगळ्या तुकडीत बसवू. वेगळ्या तुकडीत कोण असतं, हे भिंगरीला माहीत होतं. ती त्याबद्दल कुणाशी बोलत नव्हती, आणि ती ज्याबद्दल बोलत नाही अशी जगात तेवढी एकच गोष्ट होती.

"मी बोलते," आत्याने काउंटरवर दोन्ही हात टेकले. तिच्या मते तिच्याआधी बोलण्यासारखं कुणाकडे काही नव्हतंच. "दोन आठवड्यांपूर्वी सोमवारी गोळी सुरू झाली. मंगळवारी मला फरक दिसला. ही पोरगी शाळेतून आली, फडकं घेतलं आणि न सांगता आरसे पुसायला लागली. एकेक आरसा, अगदी नाक लावून. मी म्हटलं, बाई गं, हीच का ती? माझं ऐकाल तर गोळी अजिबात बंद करू नका."

"आरसे पुसण्यासाठी गोळी?" काका उसळला. "मलाही फरक दिसला, पण उलटा. सोमवारपासून पोर कोमेजली. बुधवारी मागे माझ्याकडे आली आणि नुसती उभी राहिली. एक शब्द नाही. एरवी ही आली की माझे निम्मे स्क्रू जमिनीवर असतात. त्या दिवशी एक पडला नाही! मला रडू यायचं बाकी राहिलं. दादा, मीही लहानपणी हिच्यासारखाच होतो. झालं का काही माझं?"

यावर सगळ्यांनी एकदम वेगवेगळ्या दिशांना पाहिलं. चष्म्याच्या दुकानात जन्मलेला हा माणूस स्वतःचा चष्मा आठवड्यातून दोनदा हरवत असे. जिन्याचा कठडा त्याने रंगवायला घेतला होता तो गेली सहा वर्षं अर्धाच हिरवा होता. पण तो लाडका होता, म्हणून कुणी काही बोललं नाही.

"झोप उडाली आहे तिची," आजोबा म्हणाले. "त्याच आठवड्यात. पहाटे मोरीतला दिवा लागायचा. मी दोनदा पाहिलं."

"झोप उडाली असेल, पण अभ्यासाला बसायला लागली," आई म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला. "मंगळवारीच. माझ्या शेजारी बसली, एकदाही उठली नाही, मध्ये बोलली नाही, सगळा गृहपाठ संपवला." त्यानंतर आपण न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडलो होतो, हे तिने सांगितलं नाही. तो आनंद तिने तसाच आत ठेवला होता. नवऱ्याला मात्र रात्री सांगितला होता. तो तेव्हा काहीतरी पुटपुटून कुशीवर वळला होता.

आता तोच नवरा बाकावर बसल्या बसल्या कानापर्यंत लाल होत चालला होता.

भिंगरीचा बाबा दिवसभर अंधाऱ्या खोलीत लोकांचे नंबर काढायचा. जड फ्रेम नाकावर चढवायची, एक काच काढायची, दुसरी घालायची, "आता स्पष्ट, की आधी स्पष्ट होतं?" विचारायचं. आजोबांनी त्याला शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे, गिऱ्हाईकावर कधी विश्वास ठेवायचा नाही. नवी काच घातली एवढं कळलं तरी माणूस "वा, आता स्वच्छ!" म्हणतो. म्हणून मधूनच एक साधी, नंबर नसलेली काच घालायची. तीही स्वच्छ वाटली, तर समजायचं की हा डोळ्यांनी पाहत नाही, मनाने पाहतोय. हे शिक्षण त्याच्या हाडीमासी खिळलं होतं, आणि त्यातूनच त्याने तो उद्योग केला होता.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "पहिल्या आठवड्यात गोळी नव्हती."

"नव्हती म्हणजे?" आत्या.

"म्हणजे दिलीच नाही. डॉक्टरीणबाईंचा फोन आला होता, पहिली बंद केल्यावर एक आठवडा मोकळा जाऊ दे, मग दुसरी सुरू करा. मी... तुम्हाला सांगितलं की सुरू झाली. खरी गोळी या गेल्या सोमवारी सुरू झाली."

"आणि रोज सकाळी तिला खाली बोलावून पाण्याबरोबर देत होतास ते?"

"पाणीच देत होतो."

मग गल्ल्यामागून चमत्कारिक आवाज आला. आजोबा हसत होते. स्टुलाचा दांडा धरून, खांदे हलवत, डोळ्यांत पाणी येईतो हसत होते.

"साधी काच!" ते म्हणाले. "सगळ्यांना एकदम साधी काच घातलीस! मलासुद्धा! शाबास रे गाढवा!"

चाळीस वर्षांत आजोबांनी लेकाला शाबास म्हणण्याची ही पहिली वेळ होती. त्या बिचाऱ्याला ती धड घेताही आली नाही, कारण शेजारी बायको उभी राहिली होती.

"अहो," ती म्हणाली.

लग्नाच्या दिवसापासून ती त्याला अरे-तुरे करत होती. ते "अहो" ऐकून काकाने सावधपणे दोन पावलं मागे घेतली.

"अहो, मी कोण आहे? मी गिऱ्हाईक आहे का तुमचं?"

"तसं नाही गं. तुला सांगितलं असतं तर तू—"

"तर काय? तर मी नळ सोडून रडले नसते. रात्री तुम्हाला येऊन सांगितलं नसतं. तेव्हा तुम्हाला माहीत होतं, की पोरीच्या पोटात पाण्याखेरीज काही नाही, आणि तुम्ही पलीकडे तोंड करून झोपलात!"

"झोपलो नव्हतो."

"मग तर आणखीच वाईट!"

आणि इथे एक गोष्ट घडली, जी वाटण्यांनंतर घडली नव्हती. आत्या काउंटर सोडून बाहेर आली आणि भावजयीच्या बाजूला जाऊन उभी राहिली. या दोघी शोकेस कुणाचं यावरून अबोल्यावर होत्या. तो अबोला इतका मुरला होता, की एकमेकींना मीठ मागायचं तरी मध्ये भिंगरी लागायची.

"हिचं बरोबर आहे," आत्या म्हणाली. "आईला फसवतात का? मला फसवलं ते सोड, मी बहीण आहे. पण आईला?"

"ताई, तुम्ही बसा," आई म्हणाली. "तुमचा रक्तदाब वाढेल."

"वाढू दे!"

आजोबांनी हे पाहिलं आणि त्यांना मनातून बरं वाटलं. नंबर लागो न लागो, एवढं तरी झालं. पण ते लेकाच्या बाजूने होते. "त्याची पद्धत चुकली, काम बरोबर आहे," ते म्हणाले. "तुम्ही सगळ्यांनी गोळीशिवाय गोळीचा गुण पाहिलात. एकाने कोमेजलेली पाहिली, एकीने सुधारलेली. मग आता उद्या डॉक्टरीणबाईंना काय सांगणार?"

काकाचं तिकडे लक्षच नव्हतं. तो अजून बुधवारीच अडकला होता. "पण मग बुधवारी ती गप्प का होती?" तो म्हणाला. "गोळी नव्हती तर गप्प का होती?"

"माझा दात हलत होता!"

नंबर काढायच्या खोलीचा पडदा बाजूला झाला. भिंगरी तिथल्या उंच खुर्चीत उकिडवी बसली होती. किती वेळ, कोण जाणे.

"तुला वर थांब म्हटलं होतं ना?" बाबा म्हणाला.

"थांबले होते. मग आले." तिला ते पुरेसं वाटलं. "माझा बाजूचा दात हलत होता. जिभेने ढकलायचा होता, मग बोलणार कशी? मंगळवारी आरशात बघितला. आरसा घाण होता म्हणून पुसला. त्यात नीट दिसेना म्हणून दुसरा पुसला. आत्या, तुझे सगळे आरसे घाण असतात."

आत्याने एक हात छातीवर ठेवला.

"आणि पहाटे?" आजोबांनी विचारलं, पण उत्तर त्यांना कळलं होतं.

"मोरीत पण आरसा आहे की."

"आणि गृहपाठ?" आईचा आवाज बारीक झाला होता.

"गृहपाठ मी दात ढकलत ढकलत केला. त्याच आठवड्यात शनिवारी पडला तो." भिंगरीने तोंड उघडून गाल बोटाने ओढला. बाजूला नीटनेटकी पोकळी होती, आणि तिच्यातून नव्या दाताचं पांढरं टोकही दिसत होतं.

सगळे वाकून पाहू लागले. दोन आठवडे पाच मोठी माणसं या पोरीकडे डोळ्यांत तेल घालून पाहत होती. ती किती वेळा उठली, किती घास खाल्ले, किती शब्द बोलली, सगळं. तिचा दात पडला हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. आईला ते सगळ्यात लागलं. ती खाली बसली आणि तिने भिंगरीचा पाय हातात धरला.

"सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं! दाताचं नाही, गोळीचं सांगितलं. बाबा म्हणाला होता कुणाला सांगू नकोस, पण मला राहवलं नाही. मी आत्याला पहिल्याच दिवशी सांगितलं, मी गोळी घेतलेली नाही म्हणून. आत्या म्हणाली, बघा, गोळीने खोटं बोलायला लागली. काकाला सांगितलं, तर काका म्हणाला, बिचारीला भास होतात."

काका आणि आत्या यांचं गेल्या कित्येक महिन्यांत कशावरही एकमत झालं नव्हतं. आज दोघांनी एकदम मान खाली घातली.

आजोबा स्टुलावरून उतरले. त्यांनी पडदा पूर्ण सारला, खुर्ची जवळ ओढली आणि भिंगरीसमोर बसले. बाकीच्यांनी एकदम तोंडं उघडली, तसा त्यांनी मागे न बघता हात वर केला. "तुम्ही कुणी नाही. तुमची नजर गेली आहे." मग ते नातीला म्हणाले, "गेल्या सोमवारपासून खरी गोळी चालू आहे. कसं वाटतं? घाई नाही. कळत नसलं तर कळत नाही म्हण. मला बरं वाटावं म्हणून हो म्हणायचं नाही. त्याने भलताच चष्मा होतो."

एरवी भिंगरी प्रश्न संपायच्या आत उत्तर द्यायची. आता तिने जरा वेळ घेतला. बाबाने तो वेळ घेणं पाहिलं आणि मनात काहीतरी नोंदवायला गेला, पण मग स्वतःलाच दटावून नुसता ऐकत राहिला.

"पहिली गोळी वाईट होती," ती म्हणाली. "तिच्यात मला काहीच करावंसं वाटायचं नाही. ती परत नको. ही तशी नाही. हिच्यात दुपारचं जेवण जात नाही, डबा तसाच राहतो. मी तो मैत्रिणींना देते. आणि शाळा सुटली की गोळी संपते, मग सगळं एकदम येतं आणि मला खूप राग येतो. परवा मी दप्तराला लाथा मारल्या. ते तुम्ही पाहिलं नाही."

"हे डॉक्टरीणबाईंना सांगायचं," आई म्हणाली. "यावर काहीतरी करता येत असेल."

"पण बंद नको करू," भिंगरी घाईने म्हणाली. "वर्गात मला आता बाई ऐकू येतात."

"ऐकू तर आधीही येत होत्या," काका म्हणाला. तो अजून हार मानायला तयार नव्हता. "हे बघ, गोळी घेऊन तू माझ्याजवळ येऊन नुसती बसतेस. पूर्वी कशी टणाटण उड्या मारायचीस. आता गप्प."

"गप्प नाही रे. मी तुझी गोष्ट ऐकते. तू लहानपणी तलावात पडलेलास ती. आधी मी ती शेवटपर्यंत कधी ऐकलीच नव्हती." तिने नाक मुरडलं. "फार लांब आहे ती. आणि शेवटी काहीच होत नाही."

आत्या फिस्सकन हसली. काकाही हसला असता, पण भिंगरी पुढे बोलत होती.

"आधी सगळे आवाज एकदम यायचे. बाई बोलतात तो, पंख्याचा, मागच्या मुलीच्या पेन्सिलीचा, बाहेर कुणी गाडी लावतं त्याचा. सगळे सारख्याच जोरात. मग कुठला ऐकायचा? आता एका वेळी एक येतो. बाकीचे असतात, पण लांब असतात."

आई तिच्या पायावरून हात फिरवत होती. ऐकता ऐकता तिचं ठरून गेलं. "मी तिसरी देणार नाही म्हणाले होते," ती म्हणाली. "ते मागे घेते. हिची मात्रा बदलून बघू म्हणाल्या तर बघू. तिसरी लागली तर तिसरी. पण यापुढे आधी हिला विचारायचं." मग नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "आणि तू परत असलं काही केलंस ना, तर बघ."

"तू" परत आलं होतं. बाबाने सुटकेचा श्वास सोडला.

काका मात्र जागचा हलला नव्हता. आणि तो इतका वेळ जागचा न हलणं, हीच गोष्ट हळूहळू सगळ्यांच्या लक्षात येऊ लागली.

"एका वेळी एक?" त्याने विचारलं.

"हं."

"यंत्र बंद असतानाही?"

"कुठलं यंत्र?"

"म्हणजे..." काकाने डोकं खाजवलं. "मी काच घासायचं यंत्र लावतो ना, ते एवढं मोठ्याने घरघरतं की बाकी सगळं बुडतं. तेवढाच वेळ मला एकच आवाज असतो. तुम्हाला सगळ्यांना... यंत्राशिवाय तसं ऐकू येतं? नेहमी?"

आत्या आधी वाटण्यांच्या गोंगाटात काकाने तडकवलेल्या आरशाकडे आणि मग धाकट्या भावाकडे पाहत राहिली. काउंटरवर टिकत नाही म्हणून त्याला मागच्या खोलीत आजोबांनीच बसवलं होतं, शिक्षा म्हणून. तो तिथे रमला याचं सगळ्यांना नवल वाटलं होतं. का रमला, हे कुणी विचारलं नव्हतं. आजोबांना आता ते विचारावंसं वाटलं, पण काकाच आधी बोलला.

"उद्या डॉक्टरीणबाईंकडे मीही येतो," काका म्हणाला.

"भिंगरीला सोबत म्हणून ना?" बाबाने विचारलं.

काकाने हळूच नकारार्थी मान हलवली. भिंगरी खुर्चीवरून खाली उतरली आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.

"गोळी कडू नसते," ती म्हणाली. "सकाळी भरपूर खाऊन घ्यायचं. आणि पहिलीच बरी निघेल असं नसतं हं. वाईट निघाली तर मला सांग, मी ऐकेन. फक्त शाळा सुटायच्या आत सांग."